आजचं जे आहे ते वाच

आईच्या नजरेतलं मधलं गेलं, कडेचं राहिलं. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यावर होणारा हा आजार वयानं येतो, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. माणूस पूर्ण आंधळा होत नाही, पण ज्याच्याकडे थेट बघावं तेच नेमकं दिसेनासं होतं. तिला दाराची चौकट दिसते, दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. पानाचा समास दिसतो, ओळ दिसत नाही. आधी मोठ्या टायपाचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आणलं, मग भिंग आणलं, मग दिव्याचं भिंग. २०२३च्या नोव्हेंबरात एके दिवशी तिनं शास्त्र धुतलेल्या फडक्यात गुंडाळलं आणि कपाटात ठेवून दिलं. तेव्हा ती ८४ वर्षांची होती. बोलली काहीच नाही.

फोनवर कुणीतरी वाचलेलं शास्त्र मिळतं, ते मी तिला लावून दिलं. दोन दिवस तिनं ऐकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाई वाचते छान. पण माझ्यासाठी थांबत नाही रे."

मी एकतीस वर्षं छापखान्यांतून मुद्रितशोधनाचं काम केलं. दुसऱ्याचा मजकूर अक्षरन् अक्षर वाचायचा आणि अर्थात गुंतायचं नाही, ही त्या कामाची शिस्त. शास्त्रसुद्धा मी वर्षानुवर्षं तसंच वाचत आलो होतो, हे मला आईला वाचून दाखवायला लागल्यावर कळलं. आम्ही पुण्यात गुरुवार पेठेत राहतो, पंचहौदच्या चर्चजवळ. घंटांचा मनोरा इथे देवळापासून वेगळा, एकटा उभा आहे. लहानपणापासून त्या घंटांवर आमचा दिवस चालला, आणि तरी रोज ठरलेलं काही वाचायचं, त्यावर थांबायचं आणि मग देवाशी बोलायचं, ही सवय मला कधी नव्हती. आईला होती.

कुठून वाचायचं, हा पहिला प्रश्न. आमच्या घरात दोन पद्धती होत्या. एक म्हणजे उघडेल ते पान. दुसरी वचनाच्या चिठ्ठीची. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर ताटातून एक चिठ्ठी उचलायची आणि त्या वचनावर वर्ष काढायचं. चिठ्ठ्यांतली वचनं खरीच असतात, त्यांनी माझ्या बहिणीला फार वाईट दिवसांत तारलं आहे, म्हणून त्यांच्याबद्दल वावगं बोलणार नाही. पण त्या ताटात 'तू कोठे आहेस?' असं आदामाला विचारलेलं वचन कधी नसतं. ईयोबाचा आक्रोश नसतो. सगळ्या चिठ्ठ्या आशीर्वादाच्या.

आमच्या पाळकसाहेबांनी मला वाचनांचं कोष्टक दिलं. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात बसवलेली असतात. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एक वर्ष मत्तयाचं, एक मार्काचं, एक लूकचं, आणि योहान तिन्हींमध्ये विखुरलेला, विशेषतः पुनरुत्थानाच्या दिवसांत. अनेक मंडळ्या मिळून वापरतात ते हे कोष्टक १९९२ साली या रूपात आलं. रोजच्या वाचनांसाठी खालच्या मजल्यावरच्या कॅथलिक मावशींनी त्यांच्या चर्चची छोटी पुस्तिका दिली. त्यांच्याकडे आठवड्याच्या दिवसांचं पहिलं वाचन दोन वर्षांच्या चक्रात फिरतं आणि शुभवर्तमान दरवर्षी तेच येतं. मी रविवारी आमचं कोष्टक धरलं आणि बाकीचे सहा दिवस मावशींचं. पाळकसाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "शास्त्र एकच आहे, वाचा." ख्रिस्ती वर्ष आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी सुरू होतं. त्या वर्षी तो ३ डिसेंबरला होता. अप्पा बळवंत चौकातून दोनशे पानी वही आणली आणि ठरवलं, रोज वाचायचं आणि त्या वाचनातून निघेल ती एक प्रार्थना लिहून आईला म्हणून दाखवायची.

त्या पहिल्या रविवारचं वाचन यशयाच्या ६४व्या अध्यायाचं होतं. देवा, तू आकाश फाडून खाली येशील तर किती बरं, असा तो टाहो आहे, आणि पुढे आम्ही माती, तू आमचा कुंभार, असं म्हटलं आहे. मी तासभर खपून पाऊण पानाची प्रार्थना लिहिली. 'हे सर्वसमर्थ, सर्वज्ञ, दयासागर, आकाश व पृथ्वी यांच्या उत्पन्नकर्त्या स्वर्गीय पित्या' अशी तिची सुरुवात होती. आईनं तिसऱ्या ओळीला हात वर केला.

"पुरे. त्याला त्याची माहिती आहे. तुला काय पाहिजे ते सांग."

मी म्हटलं, सांगतोच आहे, पुढे आहे. ती म्हणाली, "पुढे नको. आत्ता सांग."

मला काय पाहिजे हे मला खरोखर सांगता येईना. वाचन पुन्हा वाचलं. कसब्यातल्या कुंभारवेशीत लहानपणी मी आईबरोबर माठ घ्यायला जायचो. तिथे एकदा वाळून कडक झालेली माती पाण्यात परत भिजत घातलेली पाहिली होती. भाजलेलं मडकं फुटलं तर संपलं, पण न भाजलेली माती कितीही वाळली तरी भिजते, असं तिथल्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं. चाळीसेक वर्षांत मला ते आठवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे वहीत चारच ओळी उतरल्या:

'देवा, तू कुंभार, आम्ही माती. आम्ही वाळून बसलो आहोत. आम्हाला पुन्हा भिजत घाल, म्हणजे तुझा हात फिरेल तसे वळू. येशूच्या नावानं मागतो. आमेन.'

आई म्हणाली, "हं. आता प्रार्थना झाली."

पुढे पाळकसाहेबांकडून कळलं की अशा छोट्या प्रार्थनेला फार जुना साचा आहे. इंग्लंडच्या मंडळीच्या १५४९ सालच्या प्रार्थनापुस्तकात वर्षातल्या प्रत्येक रविवारला अशी एकेक प्रार्थना नेमलेली आहे, आणि त्यातल्या कितीतरी त्याहूनही जुन्या लॅटिन प्रार्थनांवरून घेतलेल्या. आधी देवाला हाक, मग त्याच्याविषयी एकच गोष्ट, आणि तीही त्या दिवशीच्या वाचनातली. मग एकच मागणं, ते कशासाठी मागतो ते, आणि शेवटी ख्रिस्ताच्या द्वारे. माझ्या आईला हा साचा कुणी शिकवला नव्हता, पण तिचं प्रत्येक दुरुस्त करणं त्याच दिशेनं जायचं. एका प्रार्थनेत एकच मागणं, यावर ती फार कडक होती. मी भाच्याची नोकरी, शेजारच्यांचं ऑपरेशन आणि देशात शांती एका दमात घातली की ती म्हणायची, "ह्यातलं आजच्या वाचनात कुठलं आहे?"

या प्रश्नानंच मला बदललं. वाचन पुढे ठेवून प्रार्थना करायची म्हणजे वचनाला आपल्या गरजेच्या गाडीला जुंपायचं नाही. त्या दिवशी वचन ज्याच्याकडे बोट दाखवेल त्याच्यासाठी मागायचं. कधी परका, कधी कैदी, कधी विधवा. कधी ज्याच्याशी मी तीन वर्षं बोललो नव्हतो तो भाऊ. मी स्वतः होऊन त्याच्यासाठी कधी प्रार्थना केली नसती. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वाचन आलं, वेदीपाशी देणगी ठेवून आधी भावाकडे जा, आणि त्या दिवशी मागण्यासारखं दुसरं काही त्या पानावर नव्हतंच. प्रार्थना लिहून झाली. त्याला फोन मात्र मी लगेच केला नाही. अकरा दिवसांनी केला.

भाषेचं सांगतो, कारण माझा जन्म अक्षरांत गेला. आमच्या प्रार्थनांची एक ठरावीक मराठी आहे. 'करितो', 'देतोस', 'कृपासनाजवळ येतो', 'आम्हांस'. ती मराठी मला प्रिय आहे, तिच्यात माझ्या आजोबांचा आवाज आहे. पण रोज लिहायला लागल्यावर कळलं की त्या शब्दांवरून मी घसरत पुढे जातो, पाय कुठे टेकतच नाहीत. इथून जवळच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र सोप्या मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं घातली. त्या १९२२च्या एप्रिलमध्ये गेल्या. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमातल्या साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून एवढी मोठी विदुषी सोपं लिहायला झटली. मला तर एकाच बाईला कळेल असं लिहायचं होतं. म्हणून नियम केला की जो शब्द मी स्वयंपाकघरात बोलत नाही तो वहीत आणायचा नाही. 'कृपा' राहिली, कारण तिला दुसरा शब्द नाही. 'कृपासन' गेलं.

आणि 'तू'. आमच्या घरात वडिलांना आम्ही अहो-जाहो करायचो, आईला अगं-तुगं. देवाला 'पिता' म्हणतो, पण बोलतो 'तू', म्हणजे हाक वडिलांची आणि जवळीक आईची. आमच्या मराठी शास्त्रात लोक येशूशी बोलतात तेव्हा 'प्रभुजी, आपण' म्हणतात आणि येशू पित्याशी बोलतो तेव्हा 'तू'. आईला वाचून दाखवेपर्यंत मी हे कधी नोंदलं नव्हतं. येशूला काय म्हणायचं, असं तिला विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "दिवसा आपण म्हण. रात्री तू म्हटलं तरी चालतं." मी मात्र वहीत दोन्ही वेळा तूच लिहीत आलो.

१४ फेब्रुवारीला राखेचा बुधवार आला, लेंट म्हणजे उपासाचा काळ सुरू होतो तो दिवस. वाचन मत्तय ६: प्रार्थना करताना खोलीत जा, दार लाव. आमच्या दोन खोल्यांत चार माणसं, आणि लावून घेता येईल असं दार फक्त न्हाणीघराला. त्या दिवशी मागणं सोपं होतं. तेव्हापासून पहाटे साडेपाच ते सहा स्वयंपाकघर माझं, बायको सहाच्या आत तिथे येत नाही. तिनं हे स्वतः ठरवलं. मी कधी सांगितलं नव्हतं.

लेंटचे चाळीस दिवस आणि पुनरुत्थानाचे पन्नास दिवस पटापट गेले. त्या काळात वाचनंच एवढी भरलेली असतात की प्रार्थना शोधावी लागत नाही. खरी परीक्षा नंतरच्या साध्या दिवसांची. देवळातल्या वस्त्रांच्या हिरव्या रंगाचे ते लांबलचक आठवडे, पेरणीचे दिवस. राजांच्या पुस्तकांतून एकामागून एक राजा येतो, वाईट वागतो, मरतो. काही दिवस वाचन तीनदा मोठ्यानं वाचायचो तरी हाताला काही लागायचं नाही. तेव्हा मी एक युक्ती काढली, तिचा आजही उपयोग होतो. वाक्यातली क्रियापदं तेवढी वहीत उतरवायची. थांबला, वळला, उचललं, विचारलं. नामांपाशी आपण आपले विचार घेऊन जातो. देव काय करतो ते क्रियापदांत दिसतं. त्यातल्या एकावर बोट ठेवायचं आणि तेच मागायचं.

२८ जून, शुक्रवार. यरुशलेम पडतं तो दिवस. राजाच्या डोळ्यांदेखत मुलांना मारतात आणि मग त्याचे डोळे काढतात. डोळ्यांचं वाक्य आईसमोर वाचताना माझा आवाज खाली गेला. त्यावरचं स्तोत्र १३७वं: बाबेलच्या नद्यांकाठी बसून आम्ही रडलो. पुस्तिकेत ते सहाव्या ओवीला थांबतं. मी थांबलो. आईला स्तोत्रं पाठ आहेत. माझं संपलं तिथून तिनं सुरू केलं आणि शेवटपर्यंत म्हटलं, शत्रूच्या तान्ह्या मुलांना खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणणाऱ्या त्या ओळीपर्यंत.

मी म्हटलं, "आई, ते आजच्या नेमणुकीत नाही."

"शास्त्रात आहे ना?"

रोमन कॅथलिक मंडळीच्या रोजच्या प्रार्थनाक्रमातून ५८, ८३ आणि १०९ ही स्तोत्रं पूर्णच वगळलेली आहेत, हे मला तोवर कळलेलं होतं. वगळणाऱ्यांचा हेतू मी समजू शकतो. सगळ्या मंडळीनं मिळून मोठ्यानं म्हणायला ती ओळ फार जड आहे. पण त्या सकाळी मला आईचं पटलं. ज्याची मुलं मारली त्याच्या तोंडून ते निघालं आहे, आणि ते त्यानं शेजाऱ्यापाशी नाही, देवापाशी काढलं आहे. सूड त्याच्या हातात उरला नाही, प्रार्थनेत गेला. त्या दिवशीचं शुभवर्तमान कुष्ठरोग्याचं होतं. तो एवढंच म्हणतो, आपली इच्छा असली तर मला शुद्ध करायला आपण समर्थ आहात. मी दोन्ही एकत्र केलं: 'प्रभू, माझ्या मनात जे घाण आहे ते मी तुझ्यापुढेच ओततो, कारण दुसरीकडे ओतलं तर कुणीतरी मरेल. तुझी इच्छा असली तर मला शुद्ध करायला तू समर्थ आहेस.' वहीतल्या सगळ्या प्रार्थनांत ही मी सर्वांत जास्त वेळा परत म्हटली आहे.

दोन दिवसांनी, ३० जूनला, पालख्या पुण्यात आल्या. तो रविवार होता. माउलींची पालखी भवानी पेठेत उतरते, तुकोबांची नाना पेठेत, दोन्ही आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. सकाळी उपासनेत मार्काचा पाचवा अध्याय वाचला गेला. याईराची बारा वर्षांची मुलगी मरणाला टेकली आहे, येशू तिकडे निघाला आहे, माणसांची रेटारेटी आहे, आणि बारा वर्षं रक्तस्राव होत असलेली एक बाई मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. तो थांबतो आणि विचारतो, मला कोण शिवलं? शिष्य म्हणतात, एवढी गर्दी तुम्हाला चेंगरते आहे आणि तुम्ही विचारता कोण शिवलं?

संध्याकाळी आईनं हट्ट धरला, मला पालखीच्या रस्त्यावर ने. तिला दिसणार काहीच नव्हतं. एका दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून तिला बसवलं. टाळ-मृदंगाचा आवाज लांबून यायला लागला तशी तिनं मान कलती केली. कडेनं तिला थोडं दिसतं, म्हणून समोरचं पाहायचं असलं की ती अशी मान वळवते. रेव्हरंड टिळक म्हणायचे की ते तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. आमच्या मंडळीत आजही भजन टाळ घेऊन होतं, आणि आईच्या बोटांना तो ठेका पाठ आहे. तिची बोटं खुर्चीच्या हातावर चालू झाली. आमच्यापासून हातभर अंतरावर नऊवारीतली एक म्हातारी वारकरी बाई दोन्ही हात पुढे करून गर्दीत घुसली. रथापर्यंत तिचा हात पोचला की नाही, मला दिसलं नाही. परत आली तेव्हा धापा टाकत आईच्या पायाशी बसली. आईनं तिला पाण्याची बाटली दिली. दोघी एकमेकींशी काय बोलल्या ते आवाजात मला ऐकू आलं नाही. रात्री घरी येऊन लिहिलं:

'प्रभू येशू, चहूकडून माणसं रेटत असताना तुला एकीचा हात कळला. याईराची घाई माहीत असूनही तू तिच्यासाठी थांबलास. आज आमच्या रस्त्यावरून एवढी पावलं गेली. त्यांत जिला सांगता येत नाही असं दुखणं आहे, तिच्यासाठी थांब. आणि ज्याची लेक घरी अंथरुणावर आहे, त्याला हे थांबणं सोसायचं बळ दे. आमेन.'

शेवटचं वाक्य आईचं आहे. मी बाईपाशीच थांबलो होतो. ती म्हणाली, "त्या बापाचं काय? तो तिथेच उभा आहे ना."

२५ जुलैला सिंहगड रस्त्याकडच्या एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं. बायकोचा मावसभाऊ तिथे तळमजल्यावर राहतो. त्या दिवशी संत याकोबाचा सण होता, वाचन करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातलं: ही संपत्ती मातीच्या भांड्यांत आहे. बातमी यायच्या आधी पहाटेच मी प्रार्थना लिहून टाकली होती, नीटनेटकी, शरीराच्या नाजूकपणाविषयी. शनिवारी आम्ही त्यांच्याकडे गाळ काढायला गेलो. कुकरमध्ये, डब्यांत, कपांत चिखल बसला होता. पेला उपडा केला तर चिखल पेल्याच्या आकाराचा बाहेर यायचा. घरी येऊन मी गुरुवारची प्रार्थना खोडली आणि त्या घरातल्या भांड्यांची नावं घेऊन पुन्हा लिहिली. अख्ख्या वहीत खोडलेलं पान ते एकच.

सप्टेंबरच्या शेवटी आईला न्यूमोनिया झाला. आठ दिवस ती दवाखान्यात होती. वही आणि पुस्तिका मी बरोबर नेली. त्या आठवड्यात ईयोब होता, सोमवार ते शनिवार. मंगळवारी, १ ऑक्टोबरला, ईयोबाचा तिसरा अध्याय, जिथे तो आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो. त्यावर स्तोत्र ८८. सगळ्या स्तोत्रसंहितेत एवढं काळं स्तोत्र दुसरं नाही. बाकीची दुःखाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, आभाराची एखादी ओळ येते. हे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार हा आहे. उजेड एकच, सुरुवातीला. एवढं सगळं बोलणारा माणूस देवाला 'माझ्या उद्धाराच्या देवा' अशी हाक मारतो.

तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. मी ठरवलं, आज २३वं वाचायचं. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. पहिले चार शब्द वाचले आणि तिनं मान हलवली.

"आजचं जे आहे ते वाच."

मी म्हटलं, आज फार अवघड आहे.

"वाच."

मी ८८वं वाचलं. पुस्तिकेत होतं तेवढंच नाही, पूर्ण, शेवटच्या शब्दापर्यंत. मध्ये दोनदा थांबलो, तिनं थांबू दिलं. संपल्यावर प्रार्थना लिहायला पेन काढलं तर तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "आज काही लिहू नको. माझं जे म्हणणं आहे ते त्यानं म्हटलंय."

शेजारच्या खाटेवर शिरूरकडच्या एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "दादा, हे कुणाचं?" स्तोत्राच्या मथळ्यावर नाव आहे, हेमान एज्राही, ते मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याचं बरं झालं का मग?" मथळ्यात तेवढं लिहिलेलं नाही. मी तसं सांगितलं. त्यांनी ते उद्या परत वाचायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मी आधी ते वाचलं, मग त्या दिवसाचं.

वहीत १ ऑक्टोबरच्या पानावर फक्त तारीख आणि स्तोत्राचा आकडा आहे. त्याआधी दहा महिने मला वाटत होतं की वाचन म्हणजे साहित्य आणि प्रार्थना म्हणजे त्यातून मी तयार केलेली वस्तू. त्या दिवसानंतर माझं लिहिणं आखूड झालं. कित्येक दिवशी वचनातलं एकच वाक्य आणि आमेन, एवढंच. मार्काच्या नवव्या अध्यायातल्या त्या बापाचं, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, हे वाक्य मला दुरुस्त करता येत नाही, त्यात भरही घालता येत नाही. मुद्रितशोधक म्हणून सांगतो, असा मजकूर क्वचित हाताखालून जातो.

आई घरी आली. आगमनकाळ परत आला. १ डिसेंबर २०२४ला चक्र पुढे सरकलं आणि लूकचं वर्ष सुरू झालं. नवी वही आणली.

१७ डिसेंबरला मंगळवार होता. मत्तयाचा पहिला अध्याय, वंशावळ. अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंत चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट, एकाला दुसरा झाला, दुसऱ्याला तिसरा. मला वाटलं, आज क्रियापदाची युक्तीही चालणार नाही, क्रियापद एकच आहे. वाचत गेलो. आई बोटांवर काहीतरी मोजत होती. तामार. राहाब. रूथ. पुढे उरीयाची बायको आली तिथे तिनं मला थांबवलं.

"तिचं नाव का नाही?"

बथशेबा, असं मी म्हटलं. "मला माहीत आहे. इथे का नाही?"

मी काही बोललो नाही. मग तिनं मला वही घ्यायला सांगितली आणि आपल्या घरातल्या बायकांची नावं सांगायला लागली. सासू, आई, दोन आत्या, तान्हेपणी गेलेली बहीण. प्रत्येक नावानंतर 'तिच्याबद्दल तुझे आभार मानते' एवढंच. मी लिहीत होतो. नगर जिल्ह्यातल्या तिच्या आजीपाशी ती अडली. ती आजी बायबलबाई होती, मिशनच्या वतीनं गावोगाव चालत जाऊन घरातल्या बायकांना शास्त्र वाचून दाखवायची. सगळं गाव तिला बाई म्हणायचं, घरातलेही बाईच म्हणायचे. आईनं खूप आठवून पाहिलं. नाव आठवेना. तिला ते कधी माहीतच नसावं.

तिनं मला नगरच्या मामेभावाला फोन लावायला लावला. त्यालाही माहीत नव्हतं. तिकडच्या देवळात बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत, त्या चाळून सांगतो, असं तो म्हणाला. वहीत मी 'तिच्याबद्दल तुझे आभार मानते' लिहून ठेवलं आहे आणि त्याच्या आधी नावापुरती जागा सोडली आहे. मामेभावाचा फोन अजून आलेला नाही. आई दर दोन-तीन दिवसांनी विचारते.